‘160 एकर’: एका एकपात्री प्रयोगाच्या कामाच्या नोंदी

14 जानेवारी

इथल्या मराठी मंडळाकडून होकार आला. ऑगस्टच्या कार्यक्रमात चाळीस मिनिटं आपली. विषय माझ्या मनात केव्हाचा पक्का आहे: 1871 ते 1877 या काळात अमेरिकेत नेब्रास्काच्या सलीन काउंटीत होमस्टेडच्या, म्हणजे राहून कसण्याच्या अटीवर सरकारकडून मिळालेल्या, जमिनीवर राहिलेली एक चेक बाई. प्रयोग मराठीत, एकपात्री. बाईला नाव द्यायचं नाही. जुने अर्ज, साक्षी, लोकांनी सांगितलेल्या आठवणी यांतून ती उभी करायची आहे. कुणा एकीचं चरित्र म्हणून ती प्रेक्षकांसमोर ठेवायची नाही, आणि हे सुरुवातीलाच सांगून टाकायचं.

नेब्रास्काच्या लिंकन शहरात इतकी वर्षं राहून हा विषय बाजूला ठेवणं बरं वाटत नव्हतं. इथून पाऊण तासावर विल्बर आहे. अमेरिकेतली चेक राजधानी म्हणवणारं गाव. तिथल्या स्मशानभूमीत फिरलं की अर्ध्याहून जास्त आडनावं चेक. पुरुषांच्या नावाखाली बायकांची नावं, आणि त्यांच्याबद्दल पुढे एक अक्षर नाही.

21 जानेवारी

होमस्टेडचा कायदा नीट वाचला. 20 मे 1862 रोजी अब्राहम लिंकनची सही, 1 जानेवारी 1863 पासून अंमल. त्याच दिवशी डॅनिअल फ्रीमनने ब्राउनव्हिलच्या कचेरीत अर्ज भरला आणि पहिला होमस्टेडर म्हणून नाव मिळवलं. 160 एकर जमीन, सगळी फी मिळून 18 डॉलर, अट अशी की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. पाच वर्षं थांबायचं नसेल तर सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर भरून विकत घेता यायची. म्हणजे 200 डॉलर, आणि ते या लोकांकडे नसायचे.

अर्ज कुणी करायचा? कुटुंबाचा कर्ता किंवा 21 पूर्ण झालेली व्यक्ती. अमेरिकेचा नागरिक, किंवा नागरिक व्हायचा इरादा लेखी जाहीर केलेला परदेशी. अविवाहित बाई चालत होती, विधवा चालत होती, घटस्फोटित चालत होती. नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला मात्र स्वतःच्या नावाने अर्ज करता येत नव्हता. तिची पाच वर्षं नवऱ्याच्या अर्जात जमा.

पण कायद्यातच पुढे आहे: अर्जदार मेला तर त्याची विधवा पुरावा देऊन जमीन आपल्या नावावर करून घेऊ शकते. नवऱ्याने नागरिकत्वाच्या इराद्याचा पहिला कागद केला असेल आणि तो मधेच वारला, तर विधवेने शपथ घेतली की तीही नागरिक. म्हणजे पाच वर्षं जिचं नाव कुठेच नाही, ती एके दिवशी कचेरीत उभी राहते आणि सरकार पहिल्यांदा तिला विचारतं, ‘तू काय काय केलंस?’

इथे मला संहिता सापडली.

28 जानेवारी

रचना ठरली. जमीन कचेरीत पुराव्याचा दिवस. एक टेबल, एक अर्ज, एक बाई. साहेबाचे प्रश्न फक्त आवाजात. घर केव्हा बांधलं, किती बाय किती, दारं किती, खिडक्या किती. किती एकर वहितीखाली आणली. विहीर आहे का. कधी जमीन सोडून गेलात का, किती दिवस. दोन शेजारी साक्षीदार. तिला इंग्रजी येत नाही, शेजारी दुभाष्या. ती एका वाक्यात उत्तर देते आणि ते उत्तर अर्जात लिहिलं जातं. मग ती प्रेक्षकांकडे वळून बाकीचं सांगते, जे अर्जात मावत नाही.

माझे वडील तलाठी होते. सातबारा, फेरफार, चतुःसीमा हे शब्द घरातच ऐकले, त्यामुळे असे कागद वाचताना मला कंटाळा येत नाही. कागदावरचं ‘पीक: मका, 12 एकर’ म्हणजे कुणीतरी वाकून लावलेला मका, हे वडिलांनी लहानपणीच शिकवलं होतं.

एक तांत्रिक गोष्ट टिपून ठेवते, नेपथ्याला लागेल. इथली मोजणी चौकटीची. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकर. त्याचा पाव भाग म्हणजे 160. ओढा, टेकडी काही न बघता आखलेल्या सरळ रेषा. बोहेमियातल्या, म्हणजे चेक मुलखातल्या, खेड्यात घरं एकमेकांना चिकटून, शेतं गावाबाहेर. इथे प्रत्येक घर आपल्या पाव सेक्शनवर, आणि शेजारीण अर्ध्या मैलावर. फळ्यावर खडूने ही चौकट आखायची आणि तिच्या एका कोपऱ्यात बाईला उभं करायचं. एकटेपणावर वेगळा संवाद लागणार नाही.

11 फेब्रुवारी

मागची पार्श्वभूमी थोडक्यात, दोन मिनिटांच्या वर नको. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात. जमीनदाराकडची वेठ 1848 ला संपली, पण म्हणून छोट्या कुळाला जमीन पुरेशी झाली नाही. 1866 चं प्रशियाबरोबरचं युद्ध तर बोहेमियाच्याच शेतांतून लढलं गेलं. मुलांना सैन्यात धाडायचं नव्हतं, तुकडे झालेल्या जमिनीवर पोट भरत नव्हतं. ब्रेमेन नाहीतर हॅम्बुर्गचं बंदर, मग न्यूयॉर्कला कॅसल गार्डन हे परदेशातून येणाऱ्यांचं उतरण्याचं ठाणं, मग रेल्वे. रेल्वेने सलीन काउंटीतल्या क्रीट गावापर्यंत रूळ नेले ते 1871 मध्ये. माझी बाई तिथेच उतरते.

नदीकाठची, झाडं असलेली जमीन आधी आलेल्यांनी धरली होती. तिच्या वाट्याला उघडा माळ.

25 फेब्रुवारी

बीट्रिसजवळच्या होमस्टेड राष्ट्रीय उद्यानात दिवस घालवला. फ्रीमनची जमीन तीच. तिथे शंभरेक एकरांवर जुनी उंच गवताची प्रेअरी, म्हणजे गवताळ माळ, पुन्हा वाढवली आहे, 1939 पासून. या दिवसांत गवत वाळून तांबूस झालेलं, तरी माझ्या डोक्याच्या वर. बिग ब्लूस्टेम. वाऱ्याने एका बाजूला झुकतं आणि आत शिरलं की दिशा कळेनाशी होते. मुळ्या दहा फुटांपर्यंत खोल जातात असं तिथल्या माहितीत आहे.

हीच मुळं म्हणजे घर. नांगराने गवताची जमीन फूटभर रुंद, चार इंच जाड अशी मुळांसकट पट्टी, म्हणजे ‘सॉड’, सोलायची, तिचे तीन-तीन फुटांचे तुकडे करायचे. गवताची बाजू खाली ठेवून भिंत रचत जायची. एक तुकडा वीस-बावीस किलोचा. 16 बाय 20 फुटांच्या घराला साधारण अर्धा एकर सॉड लागायचा. भिंती दोन-अडीच फूट जाड, त्यामुळे उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊब. छतावरही तेच, फांद्या टाकून वर माती. पाऊस पडला की बाहेर थांबला तरी आत दोन-तीन दिवस गळत राहायचा. मातीबरोबर उंदीर यायचे, साप यायचे. छताखाली मलमल ताणून बांधायची, म्हणजे माती स्वयंपाकात पडत नाही. भिंती आतून माती-वाळूच्या गाऱ्याने हातांनी लिंपायच्या.

अर्जात याचं उत्तर: ‘सॉडचं घर, 16 बाय 20, दार एक, खिडक्या दोन.’

लिंपण कुणी केलं, मलमल कुणी धुतली, पाऊस थांबल्यावर गादीतलं पाणी कुणी पिळून काढलं, हे विचारायला तिथे रकाना नाही. माझा सगळा प्रयोग याच ठिकाणी उभा आहे.

10 मार्च

आजचा मसुदा इंधनाचा आणि अंड्यांचा. हा भाग मला सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर.

झाडं नाहीत, मग चूल कशावर पेटवायची? मक्याची बुरकुंडं, मक्याची ताटं, वाळलेलं शेण, गवत. गवत सैल टाकलं तर भुर्रकन जळून जातं, म्हणून मूठभर गवत घेऊन सुंभ वळावा तसा घट्ट पीळ द्यायचा आणि मध्ये दुमडून गाठ मारायची. असे पिळे ढीगभर करून ठेवायचे आणि एकामागून एक चुलीत सारत राहायचे. भाकरीचं पीठ मळता मळता चुलीकडे जायचं, एक पिळा टाकायचा, परत यायचं. हाताला काचा पडायच्या. रंगमंचावर मी हे खरंच करणार आहे. प्रयोगभर तिचे हात पिळे वळत राहतील. रानशेणी वेचण्याचा भाग आपल्या प्रेक्षकांना समजावून सांगावा लागणार नाही.

आता अंडी. पहिल्या वर्षी नवीन फोडलेल्या जमिनीत धड पीक येत नाही. कुऱ्हाडीने सॉडमध्ये चीर पाडून तीत मक्याचे दाणे टाकायचे आणि टाचेने बुजवायचं. नवरा रेल्वेच्या कामावर नाहीतर दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला. हातात रोख येते ती कोंबड्यांची आणि लोण्याची. अंडी ओटच्या दाण्यांत रचून डब्यात भरायची म्हणजे फुटत नाहीत. लोणी मातीच्या भांड्यात, वर ओलं फडकं. पाठीवर नूशे, म्हणजे वेताची उंच टोपली, खांद्यात पट्टे अडकवून. चालत क्रीटला. दुकानदार अंडी मोजून घेणार आणि बदल्यात साखर, मीठ, रॉकेल, सुया, कधी कॉफी. कॉफी परवडली नाही तर घरी राय हे गव्हासारखं धान्य भाजून तेच उकळायचं.

गहू विकून येणाऱ्या पैशांतून कर्ज फिटायचं, अवजारं यायची. जेवण अंड्यांवर चालायचं. पाच वर्षं जमीन न सोडता तिथे टिकून राहणं ही कायद्याची अट, आणि ती अट या टोपलीने पुरी केली. हे वाक्य बाईच्या तोंडी घालायचं नाही. ती फक्त अंडी रचताना दाखवायची.

नूशे खरी मिळाली तर बरं. नाहीतर आपल्याकडचा उभा करंडा घेऊन पट्टे शिवावे लागतील.

24 मार्च

विल्बरला गेले. ओळखीतून एका आजींची भेट ठरली होती. त्यांचे पणजोबा-पणजी इथे होमस्टेडर. आजींनी पिसं सोलून दाखवली.

हंसाचं पीस डाव्या हातात टोकाशी धरायचं. उजव्या हाताच्या चिमटीत एका बाजूचा मऊ पिसारा धरून खाली ओढायचा, मग दुसऱ्या बाजूचा. मधली कडक दांडी टाकून द्यायची. एवढंच. पण एका उशीला ढीगभर पिसं लागतात, आणि एका पेरिनाला, म्हणजे आपल्या रजईच्या दुप्पट जाड असलेल्या पांघरुणाला, कित्येक संध्याकाळी. हिवाळ्यात बायका एकेकीच्या घरी जमून हे काम करायच्या. दार उघडायचं नाही, जोरात हसायचं नाही, शिंकायचं तर तोंड फिरवून, कारण सगळी पिसं उडतात. मुलीच्या लग्नात पेरिना द्यायचा म्हणून ती लहान असतानाच पिसं साठवायला सुरुवात व्हायची.

आजींची बोटं भराभर चालत होती आणि त्या बोलत होत्या. बोलणं इंग्रजीत, मधेच एखादा चेक शब्द. त्यांनी विचारलं, तुमच्या बाईची माणसं कोण? म्हणजे शेजारपाजार. मी म्हटलं, मी तिला एकटी ठेवली आहे. त्या म्हणाल्या, अर्ध्या मैलावर बाई असेल तर हिवाळ्यात ती चालत येणारच.

रात्री परत येऊन पिसांचा प्रसंग लिहायला घेतला. चार बायका, चारही आवाज माझेच. हसू दाबून धरलेल्या चार बायका. प्रयोगात इतका आनंद दुसरीकडे कुठेच नाही, आणि तो हवाच. कोलाचे, म्हणजे सारण घातलेले गोड पाव, तेसुद्धा याच प्रसंगात: खसखशीचे, प्रूनचे (सुक्या आलुबुखाऱ्याचे). खसखस बियाणं म्हणून गाठोड्यात बांधून आणलेली.

13 एप्रिल

आजच्याच तारखेला, 1873 मध्ये, ईस्टरच्या रविवारी पाऊस सुरू झाला, त्याचा बर्फ झाला आणि वादळ तीन दिवस चाललं. जनावरं घरात घेतली तीच वाचली. म्हणजे एका खोलीत नवरा, बायको, मुलं, गाय, कोंबड्या. दीड मिनिटाचा प्रसंग. 1888 च्या जानेवारीतलं मोठं हिमवादळ, ज्यात शाळेतून निघालेली मुलं गेली, ते आपल्या काळाबाहेर आहे. ते घातलं तर प्रयोगावर तेच बसेल. काढलं.

27 एप्रिल

टोळधाड. 1874 चा उन्हाळा.

कीटकाचं नाव रॉकी माउंटन टोळ. पुढच्याच वर्षी, 1875 मध्ये, नेब्रास्कातल्या अल्बर्ट चाइल्ड यांनी तारायंत्राने ठिकठिकाणच्या बातम्या जोडून एका झुंडीचा अंदाज बांधला: 110 मैल रुंद, 1,800 मैल लांब. आणि हाच टोळ पुढे तीस वर्षांत जगातून नाहीसा झाला. जिवंत नमुना शेवटचा मिळाला तो 1902 मध्ये. ज्या डोंगरदऱ्यांत तो अंडी घालायचा तिथेच शेती आणि गुरं आली, हे त्याचं एक कारण मानतात.

संहितेत ही माहिती येणार नाही, पण मला ती माहीत असायला हवी. संहितेत येणार ते असं: दुपारी ऊन मंद होतं. ढग म्हणून बघावं तर चकाकतो. मग छपरावर गारांसारखा आवाज. मका तासाभरात ताटासकट गेला. कांदे जमिनीतून पोखरून खाल्ले, मागे गोल भोकं राहिली. बाईने भाजीच्या वाफ्यावर पांघरुणं टाकली तर पांघरुणं कुरतडली. कुदळीचा दांडा, जिथे हाताचा घाम मुरला होता तिथे चावलेला. विहिरीत टोळ पडून पाणी नासलं. आणि कोंबड्यांनी टोळ खाऊन खाऊन अंड्यांना, मांसालाही असा वास लागला की ती तोंडात धरवेनात.

शेवटची गोष्ट वाचली तेव्हा मी थांबले. पीक गेलं हे सगळे सांगतात. पण अंडी विकायच्या लायकीची राहिली नाहीत म्हणजे घरातलं मीठ-साखरसुद्धा गेलं. टोळधाडीच्या प्रसंगाचा शेवट क्रीटच्या दुकानात करायचा. दुकानदार एक अंडं फोडतो, नाकाशी नेतो, टोपली परत सरकवतो.

त्या हिवाळ्यात मदत म्हणून सैन्याच्या गोदामातले कोट आणि बूट वाटले गेले. टोळांनी नागवलेल्या होमस्टेडर्सना काही काळ जमीन सोडून मजुरीला जायची मुभा अमेरिकन काँग्रेसने दिली. साहेबाच्या ‘जमीन सोडून गेलात का?’ या प्रश्नाला बाईचं उत्तर: ‘तो गेला होता. मी इथेच होते.’ सैनिकाचा निळा कोट घालून ती हे म्हणते.

12 मे

एक जागा मला स्वस्थ बसू देत नव्हती. ‘रिकामी जमीन’ हा शब्द संहितेत दोनदा आला होता. जमीन रिकामी नव्हती. इथल्या मूळ रहिवासी ओटो-मिसूरिया लोकांनी 1854 च्या सरकारबरोबरच्या करारात आपला मोठा प्रदेश सोडला आणि बिग ब्लू नदीच्या खालच्या अंगाला राखीव पट्ट्यात राहिले. तिथूनही 1881 मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवलं गेलं. म्हणजे माझी बाई अंडी घेऊन चालत होती तेव्हा ती माणसं त्याच नदीकाठी, दक्षिणेला, होती. पॉनी या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांनाही याच काळात नेब्रास्का सोडावं लागलं.

स्वतःच्या गावी जमीनदाराची वेठ संपलेली पाहिलेली पिढी इथे दुसऱ्यांच्या हातून गेलेल्या जमिनीवर उभी होती. बाईला हे किती कळत होतं ते मी ठरवू शकत नाही, म्हणून तिच्या तोंडी पश्चात्ताप घालणं खोटं होईल. पण ‘रिकामी’ दोन्ही ठिकाणांहून काढला. आणि साहेब चतुःसीमा वाचतो तिथे सूत्रधाराच्या आवाजात ओटो-मिसूरियांचं नाव, करार आणि साल स्पष्ट उच्चारायचं.

1 जून

सलग तालीम. वेळ जास्त भरली. दिग्दर्शिका मैत्रिणीचं म्हणणं, नवऱ्याचा मृत्यू मध्यावर आणून मोठा करावा, प्रेक्षक रडायला हवेत. आम्ही बराच वेळ बोललो. माझं म्हणणं: नवरा गेल्याचं दुःख आहेच, ते एका शांत वाक्यात राहू दे. पण प्रेक्षक रडले की त्यांना वाटतं आपण बाईला समजून घेतलं, आणि त्या रडण्यात कोंबड्या, पिळे, मलमल वाहून जातात. प्रेअरीवरच्या बायकांवर लिहिताना वेड, आत्महत्या, थडगी हेच पुढे येतं. ते घडलं होतं, मी नाकारत नाही. पण ज्या टिकल्या त्यांनी काय करून टिकल्या हे कुणी सांगायचं? ती म्हणाली, मग पिसांचा प्रसंग लांबव, रडवायचं नसेल तर तिथे हसव. मान्य.

मृत्यूचं वाक्य आता असं: ‘जानेवारीत तो गेला. जमीन गोठलेली होती, शेजाऱ्यांनी दोन दिवस शेकोटी पेटवून खड्डा केला. तिसऱ्या दिवशी गाईची धार काढायची होतीच.’

15 जून

सहीचा प्रश्न. नेपथ्यवाल्याने शेवटी अंगठ्यासाठी शाई ठेवली होती. मी काढायला लावली. ऑस्ट्रियाच्या राज्यात 1774 पासून शाळा सक्तीची, आणि अमेरिकेत आलेल्या चेक लोकांमध्ये निरक्षर फारच थोडे. खेड्यातली असली तरी ही बाई वाचणारी आहे. ओमाहात एडवर्ड रोझवॉटर यांनी 1871 मध्ये ‘पोक्रोक झापादु’ हे चेक वृत्तपत्र सुरू केलं होतं. ते शेजाऱ्यांच्या घरी हातोहात फिरतं, ही ते पिसं सोलताना बाकीच्यांना वाचून दाखवते. इंग्रजी येत नाही म्हणजे अडाणी, ही समजूत आपल्या प्रेक्षकांत बसलेल्या कितीतरी आई-सासूबाईंनाही इथे आल्यावर सोसावी लागली आहे. त्या पहिल्या रांगेत असतील. बाई लेखणी घेऊन, सावकाश, स्वच्छ अक्षरात पूर्ण नाव लिहिते. प्रेक्षकांना अक्षरं दिसत नाहीत, हाताची हालचाल दिसते.

29 जून

संहिता बंद. यापुढे शब्द बदलायचे नाहीत. उरलेली कामं: निळ्या कोटाची बटणं जुन्या पद्धतीची लावणे. नूशेचे पट्टे खांद्यात रुततात, आतून फलाटीन शिवणे. पिळ्यांसाठी गवत विल्बरच्या आजींच्या भाच्याकडून दोन गठ्ठे, सभागृहाच्या व्यवस्थापकांकडून आगीच्या नियमांची लेखी परवानगी (पेटवायचं नाही, नुसतं वळायचं). साहेबाच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण पुढच्या आठवड्यात. त्याला सांगून ठेवलंय, आवाजात दरारा नको. तो रोजचं काम करणारा कारकून आहे, जेवणाची सुट्टी व्हायच्या आत त्याला अर्ज उरकायचा आहे.

विल्बरच्या आजींना पहिल्या रांगेतली खुर्ची. त्यांच्या शेजारी बसून कानात इंग्रजी सांगायला मंडळातल्या एका मुलीने तयारी दाखवली आहे. तिला संहिता आजच पाठवली.